मिर्कोच्या तळघरातली नदी

अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळात नवीन माणूस आला की पहिल्या पाच मिनिटांत प्रश्न येतो, "तुम्ही कशात?" उत्तरं ठरलेली. ब्रेकमध्ये, गिअरबॉक्समध्ये, सीटमध्ये. इथले निम्मे मराठी लोक कुठल्या ना कुठल्या गाडीच्या पोटात राहतात. माझी पाळी आली की मी हातातली प्लेट खाली ठेवतो, जरा थांबतो आणि म्हणतो, "माशांमध्ये." त्यानंतर समोरच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघायला मला अजूनही मजा येते. एका बाईंनी तर लगेच विचारलं होतं, "मग सुरमई मिळेल का हो, ताजी?"

मिळणार नाही, बाई. मी लोकांच्या काचेच्या टाक्या सांभाळतो. दवाखाने, ऑफिसं, हॉटेलं, श्रीमंतांचे दिवाणखाने. व्हॅन घेऊन जायचं, पाणी बदलायचं, काच घासायची, पंप उघडून साफ करायचा, मेलेला मासा मालकाच्या मुलांनी बघायच्या आत खिशात घालायचा. भारतात मी सरकारच्या मत्स्यबीज केंद्रावर आठ वर्षं नोकरी केली. मग बायकोला, वैशालीला, इथल्या एका गाड्यांच्या कंपनीत काम मिळालं आणि मी तिच्या मागोमाग आलो. ग्रीन कार्ड येईपर्यंत पोळ्या शिकलो. आल्यावर व्हॅन घेतली.

या धंद्याचं गुपित एका वाक्याचं आहे. मासे सांभाळायचे नसतात, पाणी सांभाळायचं असतं. ते ज्याला कळलं त्याला चमत्कार करता येतात. एका कंपनीच्या व्हाइस प्रेसिडेंटची तक्रार होती की मासे कायम पाहुण्यांकडे शेपट्या करून असतात, ते उद्धट दिसतं. त्यांना शिकवता येईल का? मी म्हटलं, येईल, पण दोन आठवडे लागतील. मासा नेहमी प्रवाहाकडे तोंड करून राहतो. मी पहिल्याच दिवशी पाण्याची नळी सोफ्याच्या बाजूला आणून लावली आणि उरलेले तेरा दिवस नुसता जाऊन टाकीसमोर गंभीर चेहऱ्यानं बसून आलो. त्या साहेबांनी मला आजतागायत फार मोठा माणूस मानलं आहे.

तर असा मी स्वतःवर खूश असलेला माणूस. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते या खुशीतूनच झालं.

मिर्को हे माझं सर्वांत अवघड गिऱ्हाईक. वय अठ्ठ्याहत्तर. बाल्कनमधल्या एका डोंगराळ गावातून तरुणपणी इथे आला, चाळीस वर्षं ब्रेक तयार करण्याच्या कामात घालवली, बायको गेल्यावर घरात एकटा. बोलणं असं की प्रत्येक शब्दाला टोल भरावा लागतो आहे. त्याच्या तळघरात एक नदी होती. बारा फूट लांब, गुडघाभर उंचीवर ठेवलेला फायबरचा पन्हळ, तळाशी वाळू-गोटे, एका टोकाला दोन दांडगे पंप. पाणी इतकं जोरात धावायचं की तळघराच्या जिन्यावरच त्याचा आवाज ऐकू यायचा. आणि इतकं स्वच्छ, की पंप बंद केला तर पन्हळ रिकामा वाटेल.

त्यात राहायचे बावीस मासे. दिसायला काही नाही. वीतभर लांब, मातकट रंग, अंगावर काळपट ठिपके, वरच्या ओठाला चार मिशा. आपल्याकडच्या महसीराचा बुटका, परदेशातला चुलतभाऊ म्हणा. तिकडच्या डोंगरातल्या वेगवान, निर्मळ ओढ्यांत तळाशी गोट्यांच्या आड राहतो आणि मिशांनी चाचपत किडे शोधतो. मिर्कोच्या गावच्या ओढ्यात हेच मासे होते. एका ओळखीच्या प्राध्यापकाकडून त्यानं रीतसर परवाने काढून सहा मागवले, आणि पुढच्या पाच वर्षांत त्याच तळघरात त्यांची पिल्लं काढली. काळ्या शेपटीची एक थोराड मादी होती, बाकीचे बहुतेक तिचे वंशज. मी एकदा विचारलं, "नावं ठेवलीत की नाही?" तो म्हणाला, "मासे आहेत." पण कुठला कधी जन्मला ते त्याला तारखेनिशी पाठ होतं.

दर मंगळवारी मी जायचो. पन्हळाला हात लावायची परवानगी मिळायला दीड वर्ष लागलं.

२००३ च्या ऑगस्टमध्ये मिर्कोच्या हृदयाची झडप बदलायची ठरली. जाताना त्यानं मला किल्ली दिली आणि दोन वाक्यं बोलला. त्याच्या मानानं ते भाषणच. "पाणी थांबता कामा नये. बाकी तुला माहीत आहे."

ऑपरेशन सोमवारी झालं, नीट झालं. गुरुवारी दुपारी चारनंतर मी एका डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये कोपरापर्यंत हात टाकीत घालून उभा होतो आणि दिवे गेले. मी पहिल्यांदा माझ्याच वायरकडे बघितलं. मग रस्त्यावरचे सिग्नल बंद दिसले. मग कोणीतरी बॅटरीवरचा रेडिओ लावला आणि कळलं की आमच्यासकट कित्येक राज्यांची वीज एकदम गेली आहे, आणि कधी येईल हे कोणालाही सांगता येत नाही.

माझ्या गिऱ्हाइकांच्या बाकीच्या टाक्यांची मला चिंता नव्हती. संथ पाण्यातले मासे दिवसभर तग धरतात. पण मिर्कोच्या माशांनी जन्मात थांबलेलं पाणी पाहिलेलं नव्हतं. पाणी धावतं म्हणून त्यात हवा मिसळते, आणि या जातीला ती भरपूर लागते. पाणी थांबलं की त्यांच्यासाठी खोलीतली हवाच संपली.

एरवी वीस मिनिटांचा रस्ता, सगळे सिग्नल बंद, सव्वा तास लागला. जिना उतरताना जी शांतता ऐकू आली ती मी विसरणार नाही. बावीसच्या बावीस मासे गोटे सोडून वर आले होते. नळीच्या तोंडाशी, जिथून पाणी यायचं तिथे, गर्दी करून, ओठ पाण्याबाहेर काढून उघडमीट करत होते.

मिर्को इंजिनिअर होता, तेव्हा गॅरेजमध्ये जनरेटर होताच. तो पहिल्या झटक्याला सुरू झाला. पंप घरघरले, मासे पाच मिनिटांत खाली गेले आणि मी जिन्यावर बसून स्वतःचीच पाठ थोपटली. मग पेट्रोलचा डबा हलवून बघितला. तळाशी दोन बोटं. फार तर दीड तास. पेट्रोल पंपावर जावं तर तिथे जमिनीखालून पेट्रोल वर ओढायला वीज लागते.

मोबाइल लागत नव्हता, पण मिर्कोचा भिंतीवरचा जुना फोन चालू होता. मी वैशालीला गाठलं. "जेवढी माणसं मिळतील तेवढी घेऊन ये. आणि शोभाकाकूंकडची मंडळाची पातेली आण. सगळी."

"पातेली?" वैशाली म्हणाली. "सुहास, तू त्यांचं कालवण करणार आहेस का?"

शोभाकाकू म्हणजे आमच्या मंडळाचं स्वयंपाकघर. मुलाकडे राहायला आल्या आणि वर्षभरात दोनशे माणसांच्या पंगतीचा कारभार हातात घेतला. गणपती पंधरा दिवसांवर आले होते, म्हणून सगळी मोठी भांडी त्यांच्या गॅरेजमध्ये येऊन पडली होती. साडेसहाला दोन गाड्यांतून काकू, वैशाली, चार पातेली, एक भली थोरली लोखंडी कढई आणि चार जवान इंजिनिअर उतरले. त्यांतला निखिल नागपूरचा. त्यानं जनरेटरकडे बघून विचारलं, "काका, पेट्रोल गाड्यांतून काढून घ्या ना. तीन गाड्या उभ्या हायेत."

"काढ की."

निखिलनं नळी घेतली, टाकीच्या तोंडात घातली, ओढली, पुन्हा घातली, फिरवली. नळी आत जाईना. नव्या गाड्यांत चोरी होऊ नये म्हणून आडकाठी असते. बाकीचे तिघंही वाकून बघून आले.

"चार जण गाड्या बनवता," काकू म्हणाल्या, "आणि एकालाही त्यातून वाटीभर पेट्रोल काढता येत नाही?"

"काकू, मी ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितो," निखिल म्हणाला. "मला गाडी थांबवायला सांगा."

सव्वासातला जनरेटर खोकला आणि बंद पडला.

आता माझी पातेल्यांची कल्पना सांगतो. मत्स्यबीज केंद्रावर असताना बंगालहून माशांची पिल्लं विकणारे यायचे. त्यांच्याकडे ना पंप, ना ऑक्सिजन. अॅल्युमिनियमच्या हंड्यांत पाणी, त्यात हजारो पिल्लं, आणि रेल्वेच्या दोन दिवसांच्या प्रवासात ती माणसं पाळीपाळीनं तळहातानं ते पाणी थापटत बसायची. थापटलेलं पाणी उडतं, पडतं, पडताना हवा घेऊन जातं. हात थांबला की माल मेला. ते लोक एका हातानं जेवायचे. मी तेव्हा तरुण सरकारी अधिकारी, त्यांना कागदावर पंपाचे फायदे समजावून सांगायचो.

पन्हळात थापटून उपयोग नव्हता. बारा फूट लांब, आणि प्रवाह थांबला की गोट्यांखालचा गाळ उरलीसुरली हवा खातो. मासे बाहेर काढून रुंद भांड्यांत, थोडे थोडे, स्वच्छ पाण्यात ठेवायला हवे होते. नळाला पाणी येणं बंद झालं होतं, पण गॅरेजमध्ये मिर्कोचे साठवलेल्या पाण्याचे दोन पिंप होते. उजेडासाठी गॅरेजचं दार वर केलं आणि मी सगळ्यांना रांगेत उभं करून भाषण ठोकलं. अंगठ्या काढा. घड्याळं काढा. हाताला क्रीम, लोशन, साबण, काही म्हणजे काही नको, माशाच्या कल्ल्यांना चिकटतं आणि श्वास बंद होतो. वरून थापटायचं, ढवळायचं नाही. मला फार मजा येत होती, खोटं कशाला बोलू. समोर प्रेक्षक होते, प्रसंग गंभीर होता आणि मुख्य भूमिका माझी होती.

चार पातेल्यांत चार-चार मासे सोडले. सहा उरले. त्यांत ती काळ्या शेपटीची थोराड मादी. मी कढईकडे बघितलं. परातीसारखी पसरट, हवेला मोकळा पृष्ठभाग, बसक्या बुडाची. याहून चांगलं भांडं कारखान्यात सांगूनही मिळालं नसतं.

"त्यात नको हो," शोभाकाकू म्हणाल्या. "लोखंड आहे, गंज चढू नये म्हणून ठेवताना तेलाचा हात लावलाय मी."

"पुसून घ्या."

"पुसून जात नाही ते, मुरलेलं असतं. आणि आत्ताच म्हणालात ना, क्रीम नको? मग क्रीम चालत नाही आणि तेल चालतं?"

पोरं हसली. मला ते हसू झोंबलं. "काकू," मी म्हणालो, "मी वीस वर्षं मासे सांभाळतोय. तुम्ही भांडं पुसा."

काकूंनी पेपर टॉवेलनं कढई तीनदा पुसली. टॉवेल पिवळट होत होता. तो मी बघितला. मी पाणी ओतलं, सहा मासे सोडले आणि सर्वांत चांगलं भांडं म्हणून थापटायला स्वतः बसलो.

पहिली वीस मिनिटं सुरेख गेली. पाच भांडी, पाच तळहात, थप थप थप, कोणी लय पकडतं, कोणी चुकतं. वैशाली म्हणाली, "घरी ताक घुसळ म्हटलं तर तुझा खांदा दुखतो." निखिल म्हणाला, "काका, रेझ्युमेवर लिहिता येईल का हे?" पातेल्यांतले मासे तळाशी बसले, मिशा हलवायला लागले. मी मोठ्यानं म्हटलं, "बघा!"

मग माझ्या कढईतला एक मासा वर आला. मग दुसरा. मी जोरात थापटायला लागलो. तिसरा वर आला तो तिरका. मावळतीचा उजेड तेवढ्यात कढईवर आडवा पडला आणि मला पाण्यावर रंगांचा पडदा दिसला. जांभळा, हिरवा, सोनेरी. तेलाचा तवंग. मी वरून जितकं थापटत होतो तितकं ते तेल बारीक होऊन पाण्यात, त्यांच्या कल्ल्यांत जात होतं. हवा देतो आहे असं समजून मी त्यांना माझ्या हातानं गुदमरवत होतो.

"पातेलं! दुसरं पातेलं इकडे!" मी ओरडलो. निखिल उठला तसा त्याच्या पातेल्यातला हात थांबला, काकूंनी झेप घेऊन तिथे आपला हात घातला. मी जाळीनं मासे उचलून पिंपातल्या पाण्यात बुडवून, विसळून, निखिलच्या पातेल्यात सोडायला लागलो. आणि नेमका तेव्हा घरातला फोन वाजला.

वैशालीनं दारातून सांगितलं, "मिर्को आहे. हॉस्पिटलमधून."

मी ओल्या हातानं रिसीव्हर घेतला. पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता, ऑपरेशननंतरचा, मोजून घेतलेला.

"पाणी?" त्यानं विचारलं.

गॅरेजमधून थप थप ऐकू येत होती. मी म्हणालो, "चालू आहे. सगळं ठीक आहे."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

परत आलो तेव्हा काकू मान खाली घालून थापटत होत्या. सहांपैकी चार मेले होते. थोराड मादी अजून कल्ले हलवत होती. तिला मी दोन्ही हातांत धरून पाण्यात पुढेमागे करत राहिलो, म्हणजे तोंडातून पाणी आत जावं. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. ती गेल्याचं मला आधी बोटांना कळलं. सहावा तिच्यामागोमाग गेला.

बाकीचे सोळा जगले. शुक्रवारी दुपारी वीज येईपर्यंत एकही हात थांबला नाही. पाळ्या लागल्या, आणखी सात-आठ जण येऊन गेले, कोणी थर्मासातून चहा आणला, कोणी थापटता थापटता बसल्या जागी झोपला आणि त्याचा हात चालूच राहिला. ऑफिसात एकमेकांच्या ईमेलना उत्तर न देणारी माणसं एका पातेल्यावर समोरासमोर बसली होती. पंप सुरू झाले तेव्हा निखिलनं तळहात वर करून दाखवला, पांढराफटक आणि सुरकुतलेला, आणि म्हणाला, "काका, हात विसळलेल्या धुण्यासारखा झाला." याचा मला अभिमान आहे. तो असूच दे.

पण पुढे महिनाभर काय झालं ते सांगायला हवं. गोष्ट मंडळात पसरली. मी ती गणपतीत चार वेळा रंगवून सांगितली, हंडीवाल्या बंगाल्यांच्या नकलेसकट. सोळा मासे वाचवले यावर टाळ्या पडायच्या. कोणी उरलेल्या सहांचं विचारलं की कोणीतरी परस्पर सांगायचं, "शोभाकाकूंच्या कढईला तेल होतं ना." मी पाणी प्यायचो. काकू समोर उभ्या राहून प्रसाद वाटत असायच्या. 

मिर्को हॉस्पिटलनंतर काही आठवडे शुश्रूषा केंद्रात काढून घरी आला त्या दिवशी मी गेलो. काकूही येते म्हणाल्या, आजारी माणसाला मऊ खिचडी द्यायची म्हणून. वाटेत व्हॅनमध्ये त्या म्हणाल्या, "हे बघा, मी सांगते त्यांना. कढई माझी होती. मी म्हातारी, मला काय कळतंय. तुमचं गिऱ्हाईक जायला नको." मी रस्त्याकडे बघत व्हॅन चालवत राहिलो. म्हणजे मी तयार होतो. 

मिर्को कठडा धरून एकेक पायरी उतरला. पन्हळासमोर उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते. मासे दगडांत शिरलेले, तरी त्यानं दोन मिनिटांत मोजले.

"सोळा."

"सहा गेले," मी म्हणालो. सहाही मी फॉइलमध्ये गुंडाळून आमच्या फ्रीझरमध्ये ठेवले होते, कारण मालकानं बघितल्याशिवाय मासा टाकायचा नसतो. पुडी त्याच्यासमोर उघडली. त्यानं चष्मा लावला. एकेकावरून बोट फिरवलं. मादीपाशी थांबला. "ही पहिल्या सहांमधली," तो म्हणाला.

काकूंनी एक पाऊल पुढे टाकलं. त्यांनी इंग्रजी वाक्य घोकून आणलं होतं. "सॉरी. माय कढई. माय मिस्टेक."

मिर्कोनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पंपांचा आवाज चालू होता. मला वाटलं, तो आवाज चालू आहे तोवर मी गप्प राहू शकतो, आणि तो आवाज कधीच थांबणार नाही.

"नाही," मी म्हणालो. "भांड्याला तेल होतं. यांनी मला सांगितलं, नको म्हणून. दोनदा सांगितलं. मी ऐकलं नाही. आणि तुम्ही फोन केलात तेव्हा हे मासे मरत होते. मी ठीक आहे म्हणालो."

त्यानं पुडी पुन्हा होती तशी घडी घालून मिटली. मग काकूंना विचारलं, "तेल कशाला?"

मी मराठीत सांगितलं. काकू म्हणाल्या, "गंज चढू नये म्हणून." मी ते इंग्रजीत करून दिलं.

"बरोबर," मिर्को म्हणाला. "मीही लावलं असतं."

त्यानं काकूंच्या हातातला खिचडीचा डबा घेतला, उघडून वास घेतला, त्यांच्याकडे बघून मान हलवली. मग जिन्याकडे वळला. दोन पायऱ्या चढून थांबला, दम खाल्ला आणि पाठमोराच म्हणाला, "मंगळवारी ये. बादली माझी वापर. भांडी तुझी आणू नकोस."

या गोष्टीला पाच वर्षं झाली. पन्हळात आता एकतीस मासे आहेत. माझ्या व्हॅनमध्ये नऊ बादल्या असतात, सगळ्या घासूनपुसून, उन्हात वाळवलेल्या. मंगळवारी मिर्कोच्या दारात व्हॅन लावतो, मागचं दार बंदच ठेवतो आणि त्या घरात रिकाम्या हातानं जातो.